स्प्लेंडरवर एकटीने कोकण: एल४-एल५, इन्शुलिन आणि ५ फूट १ इंच उंची. गाडीत नेमकं काय बदलू?

पौडरस्ता

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते.

गाडी: स्प्लेंडर प्लस, सेल्फ स्टार्ट, अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. सगळं कंपनीचंच, काहीही बदललेलं नाही.

मी: वय ५७, उंची ५ फूट १ इंच, वजन ६४ किलो. कमरेच्या मणक्यातल्या एल४-एल५ मधली गादी सरकलेली आहे, डाव्या पायात अधूनमधून सायटिकाची कळ जाते. टाइप २ मधुमेह, दिवसातून दोनदा मिश्र इन्शुलिन. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं अर्ध्या-पाऊण तासात बधिर होतात. दोन्ही डॉक्टरांना विचारलंय. मध्ये मध्ये उतरत, दिवसाचं अंतर कमी ठेवून जायला त्यांची हरकत नाही.

रस्ता: नोव्हेंबरअखेर कोथरूडहून ताम्हिणी घाटामार्गे माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून जेटीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) खाडीपलीकडे वेशवी, पुढे केळशी, आंजर्ले, दापोली. एकटीच जाणार.

मोठी गाडी नको. ११२ किलो मला ढकलता येतात, त्याहून जास्त नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी केली तर जेल पॅड, पाठीचा टेकू, लेगगार्डवरचे पुढचे फूटरेस्ट, हँडल उंच करणारा रायझर, सगळंच घ्या म्हणतात. यातलं खरंच उपयोगी काय? सीट, हँडल, सामान आणि इन्शुलिन या चार गोष्टींवर सविस्तर उत्तर हवंय.

सीटवरचा_माणूस

ताई, आधी मोजमाप, मग खरेदी. ज्या बुटात गाडी चालवणार ते घालून भिंतीला पाठ लावा, एक जाड पुस्तक मांड्यांच्या मध्ये वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तुमच्या उंचीला हा आकडा ७० सेमीच्या आसपास येईल. स्प्लेंडरची सीट आहे ७८५ मिमीवर. बसल्यावर शॉकअप आणि फोम दबतात, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण पाय न पोचण्याचं खरं कारण उंचीपेक्षा सीटची पुढची रुंदी असतं. मांड्या फाकल्या की तिथेच दोन-तीन सेमी वाया जातात.

म्हणून सीट खाली आणण्यापेक्षा टाकीजवळ अरुंद करा. दोन्ही बाजूंच्या कडा तिरक्या कापून प्रत्येकी २५-३० मिमी फोम काढायचा. बुटाचा सोल १५-२० मिमी जाड घेतला तर तेवढी उंची फुकट मिळते. दोन्ही पायांचे चवडे आणि गाडी किंचित कलली की एक अख्खं पाऊल, एवढं टेकलं की पुरे.

मागचे शॉकअप आखूड करून गाडी बसकी करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. गाडी खाली आली की साईड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने उजवीकडे पडते. शिवाय गतिरोधकावर पोट घासतं आणि शॉकअपचा प्रवास कमी झाल्यामुळे दणका थेट मणक्यात.

आता गादी. मूळ सीट तशीच ठेवा. दुसरी जुनी सीट घेऊन तिच्यावर काम करून घ्या, म्हणजे फसलं तर परतीची वाट राहते. चालकाच्या जागेतला मूळ फोम ४० ते ४५ मिमी खोल काढायचा. त्या जागी खाली २० मिमी रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेला, कडक) फोम, घनता ९०-१०० किलो प्रति घनमीटर, आणि वर २५ मिमी एचआर (दबून लगेच वर येणारा) फोम, घनता ४०-५०. खालचा थर बसण्याची हाडं तळापर्यंत पोचू देत नाही, वरचा थर बारीक थरथर खातो. नुसता मऊ फोम पहिल्या दहा मिनिटांत सुखावतो आणि तासाभरात हाडं थेट पत्र्यावर बसतात. जेल पॅडचंही तेच: उन्हात तापतं आणि धक्का फारसा शोषत नाही. मेमरी फोम उन्हात आणखी मऊ पडतो, तोही नको.

सीटवाल्याला दोन गोष्टी निक्षून सांगा. एक, बसायची जागा सपाट हवी. मूळ सीटला टाकीकडे उतार असतो, त्यामुळे ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो, मग हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. कंबर आणि मनगट दोन्ही यातच जातात. दोन, मागे ४०-५० मिमी उंचीचा टेकू फोममध्येच काढायचा, तो माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडाला लागला पाहिजे. कमरेच्या खोलगट भागाला दाबणारा उंच बॅकरेस्ट नको. खड्ड्यात शरीर वरखाली होतं आणि तो नेमका दुखऱ्या जागी ठोसे देतो. रेक्झिन खरखरीत घ्या, गुळगुळीत नको.

हँडल: बसून डोळे मिटा, हात सैल सोडा, मग न वाकता पुढे उचला. मुठी जिथे येतील तिथे ग्रिप हवी. आधी क्लॅम्प सैल करून हँडल स्वतःकडे फिरवून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. उरलं तर १५-२० मिमीचा रायझर. त्यासोबत लांब बोल्ट लागतात. ८ मिमीचा, डोक्यावर ८.८ मार्क असलेला बोल्ट घ्या आणि आत किमान १२ मिमी आटे बसलेच पाहिजेत. मग गाडी चालू करून आयडलिंगवर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा. एका बाजूला इंजिनचा आवाज चढला तर अॅक्सिलेटर केबल ताणली जातेय. क्लच आणि ब्रेकची केबल व वायरिंगसुद्धा तसंच तपासा. हे न बघता निघालात तर ताम्हिणीच्या एखाद्या वळणावर गाडी आपोआप रेस होईल.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होणं म्हणजे मनगटातली मधली नस दबणं. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवा: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा यायला हवी, मनगट वर दुमडलेलं नको. अॅक्सिलेटरची मोकळी हालचाल २ ते ६ मिमी ठेवा आणि केबल जड असेल तर सरळ नवीन टाका. ग्रिपवर फोमचं पातळ कव्हर घाला, मूठ आवळायला कमी जोर लागतो. हँडलच्या टोकांना वजनं बसवली तर कंप कमी होतो. तळहाताने अॅक्सिलेटर दाबून धरण्याची जी प्लास्टिकची पट्टी मिळते ती मोकळ्या रस्त्यावर चांगली, पण गर्दीत आणि घाटाच्या वळणावर नकळत दाबली जाते. घेतलीत तर चांदणी चौक पार होईपर्यंत फिरवून बाजूला ठेवा आणि ताम्हिणीआधी पुन्हा बाजूला.

मोकळा_रस्ता

मला वाटतं ताईंनी अॅव्हेंजरचा विचार करावा. सीट ७३७ मिमीवर, दोन्ही पाय सपाट टेकतात. किंवा स्प्लेंडरच्या लेगगार्डवर पुढचे फूटरेस्ट लावा, पाय लांब केले की कंबर मोकळी होते.

सीटवरचा_माणूस

पाय टेकण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण कंबरेच्या बाबतीत उलट होतं. पाय पुढे गेले की ओटीपोट मागे कलंडतं, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि वजन सगळं माकडहाडावर येतं. एल४-एल५ ला नेमकी हीच बैठक वाईट. दुसरं म्हणजे पाय पुढे असताना खड्ड्यावर उठता येत नाही.

ताई, तुमच्या पूर्ण प्रश्नाचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर इथे आहे: धक्का पायांतून गेला पाहिजे, मणक्यातून नाही. गतिरोधक दिसला की वेग कमी करा, टाकी गुडघ्यांनी धरा, वजन फूटरेस्टवर देऊन बूड दोन-तीन सेमी उचला आणि चाक गेल्यावर बसा. पूर्ण उभं राहायची गरज नाही. हे जमायला पाय गुडघ्यांच्या खाली हवेत, आणि स्प्लेंडरची मूळ फूटरेस्ट बरोबर तिथेच आहेत. स्कूटर नको म्हणण्याचं कारणही हेच: टाकी धरता येत नाही, आणि १० किंवा १२ इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं. अॅव्हेंजर तर १५५ किलोच्या पुढे जाते, ती ताईंनी ढकलायची कशी?

लेगगार्ड मात्र जरूर लावा, पाय ठेवायला नाही. गाडी आडवी झाली तर ती पूर्ण झोपत नाही आणि उचलणाऱ्याला सोपं जातं. उचलणारा दुसरा कोणीतरी असला पाहिजे, तुम्ही नाही. किल्ली बंद करा, बाजूला व्हा, हात दाखवा.

साखरपाणी

सीटचं वर सगळं आलंय, मी मधुमेह आणि नसांचं लिहिते. औषधाचा डोस इथे कोणी सांगू नये, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच.

निघण्यापूर्वी साखर तपासा, मग गाडीवर दर दोन तासांनी. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या चालकांसाठी नियम आहे: ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खायचं, ७० च्या खाली असेल तर चालवायचंच नाही. आणि साखर उतरून गेली असेल तर ती सामान्य झाल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं, कारण मेंदू साखरेच्या मागून सावरतो. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात. मीटरवर ११० दिसलं की निघतात आणि पुढच्या वळणाचा अंदाज चुकतो.

गाडीवर साखर उतरल्याची लक्षणं वेगळी जाणवतात. हेल्मेटच्या आत अचानक घाम, विनाकारण चिडचिड, गिअर चुकणं, पाटी वाचूनही न कळणं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर धडधड आणि थरथर कळतच नाही, घाम तेवढा येतो. यातलं एक जरी वाटलं तरी डावीकडे घ्या, किल्ली बंद, ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम म्हणजे तीन ते चार छोटे चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शेंगदाण्याची चिक्की आणि बिस्किटं त्यानंतर. त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. पावडरच्या मोजलेल्या पुड्या जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवा, मागच्या बॅगेत नाही.

मिश्र इन्शुलिन अर्धा तास आधी घ्यायला सांगितलं असेल तर खोलीवर टोचून नाश्ता शोधायला निघू नका. बसायला जागा मिळाली, जेवण नक्की मिळणार हे कळलं, मग इंजेक्शन.

साठवण: वापरातलं पेन किंवा बाटली २५-३० अंशांच्या आत राहिली पाहिजे. पाण्यात भिजवून थंड होणाऱ्या पिशव्या पुण्याच्या कोरड्या हवेत छान चालतात, पण घाट उतरल्यावर दमट हवेत पाणी उडत नाही आणि पिशवी नुसती ओली राहते. कोकणासाठी रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला थंड जेल पॅक, वर इन्शुलिन, दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नको. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी फेकायचंच. मिश्र इन्शुलिन हलवल्यावर एकसारखं दुधाळ व्हायला हवं. गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर वापरू नका. थर्मास डावीकडच्या बॅगेत, कारण सायलेन्सर उजवीकडे आहे. अर्धा साठा दुसऱ्या बॅगेत वेगळा. साखर तपासायच्या स्ट्रिपची डबी दमट हवेत उघडी राहिली की आकडे चुकतात.

पायांची संवेदना कमी झाली आहे का, हे आधी तपासून घ्या. असेल तर इंजिनचा किंवा सायलेन्सरचा चटका कळत नाही आणि ब्रेकवर पाय किती दाबला तेही कळत नाही. घोट्याच्या वर येणारे, आत शिवण न टोचणारे बूट घाला, आणि रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात बघा.

पाठदुखीवर प्रेगाबॅलिन, ट्रॅमाडॉल किंवा स्नायू सैल करणारी गोळी देतात. तिन्ही झोप आणतात. प्रवासात नवी गोळी सुरू करू नका. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी, विशेषतः पाणी कमी प्यायलेलं असताना, किडनीवर ताण येतो.

आणि हे लक्षात ठेवा: बसायच्या जागेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाऊल वर उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर प्रवास तिथेच थांबवा आणि त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाकडे. नस दबल्याची ती तातडीची खूण आहे, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी आणीबाणीसाठी ११२. रक्तगट, इन्शुलिन आणि अॅलर्जी मराठीत लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि एक हेल्मेटच्या मागे चिकटवा.

हवापाणी_तपासा

गाडीचं राहिलेलं.

हवा मॅन्युअलमधल्या एकट्या चालकाच्या आकड्याइतकीच. पंपावर सवयीने ३५-४० पीएसआय मारतात, मग तुमची नवी गादी कितीही चांगली असली तरी टायर दगडासारखा वागतो. स्वतःचा गेज ठेवा, सकाळी टायर थंड असताना मोजा. मागच्या शॉकअपला पाच खाचा आहेत. तुमचं वजन ६४ आणि सामान दहा किलो, म्हणजे सर्वांत मऊ किंवा त्याच्या पुढची खाच. दोन्ही बाजूंना एकच खाच हवी. शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसलं तर जोडी बदला, एकच नाही.

स्प्लेंडरची बॅटरी अवघी ३ अँपिअर-तासांची. तीन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी नवी टाका; सेल्फ बंद पडली की किक तुमच्या कमरेवर येते. हवा भरायचा पंप गाडीच्या बॅटरीवर लावू नका, तो आठ-दहा अँपिअर ओढतो. स्वतःची बॅटरी असलेला, चार्ज करून न्यायचा पंप घ्या. पंक्चर किट सोबत हवंच, ट्यूबलेसला चाक काढावं लागत नाही हा तुमच्यासाठी सर्वांत मोठा फायदा. फोन चार्जिंगचा सॉकेट किल्लीनंतरच्या वायरवरून घ्या, वेगळ्या फ्यूजसह.

डबल स्टँड: मागचं चाक २० मिमी जाडीच्या फळीवर चढवा आणि मग स्टँडवर लावा, उचलावं जवळजवळ लागत नाही. जोर स्टँडच्या पायावर शरीराचं वजन टाकून द्यायचा, हाताने ओढून नाही. फळीचा तुकडा बॅगेत ठेवा. मऊ जमिनीसाठी साईड स्टँडच्या टोकाला ७-८ सेमीची पत्र्याची चकती वेल्ड करून घ्या. पार्किंग करताना तोंड कधीच उताराकडे किंवा भिंतीकडे नको, कारण मागे ओढणं सर्वांत वाईट. वळवूनच लावा, पहिल्या गिअरमध्ये.

सामान एकूण दहा किलोच्या आत. पाठीवर सॅक अजिबात नको, तिचं वजन प्रत्येक खड्ड्यात मणक्यावर येतं. दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा, जड वस्तू तळाशी आणि पुढे. पाईपची चौकट लावल्याशिवाय बॅग टांगू नका, नाहीतर उजवीकडची सायलेन्सरवर जळते आणि डावीकडची चेनकडे ओढली जाते. मागच्या कॅरिअरवर रेनकोटसारखं हलकंच. तिथे वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं.

टाकी ९.८ लिटरची, पेट्रोल साडेपाचशे किमी पुरेल. कंबर पुरणार नाही. पाऊण तास झाला की उतरायचं, पाच-सात मिनिटं चालायचं, दुखत नसलं तरी. वेग ५०-५५. पहिल्या दिवशी माणगाव, शंभरेक किमी, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, साधारण पन्नास. नवी सीट आणि हँडल आधी पानशेतला जाऊन-येऊन तपासा, मगच मोठा प्रवास.

पौडरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पायाचं माप बुटासकट ७१ सेमी आलं. अजून तीन गोष्टी. एका गॅरेजवाल्याने बाजूची दोन छोटी चाकं लावायला सुचवलंय, पाय टेकायचा प्रश्नच उरणार नाही म्हणे. दुसरं, जेटीच्या उतारावर काय करू? तिसरं, परत कुठून येऊ?

हवापाणी_तपासा

बाजूची चाकं नको. गाडी वळताना झुकायलाच हवी, चाकं तिला झुकू देत नाहीत आणि घाटातल्या तिरक्या रस्त्यावर ती बाहेर ढकलली जाते. शिवाय चाकांची संख्या बदलली की मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं; आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर अपघातानंतर विमा अडतो. सीट आणि रायझरने आरसीवरचं काही बदलत नाही, तरी विमा कंपनीला एका मेलने कळवून ठेवा.

जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. नव्या स्प्लेंडरला जोडब्रेक आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो आणि ओल्या उतारावर पुढचं चाक सटकतं. खलाशांना सांगा, ते गाडी चढवून-उतरवून देतात. तुम्ही चालत या. बोटीवर साईड स्टँड, पहिला गिअर, आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर जाड रबराने ग्रिपला आवळून बांधा, म्हणजे लाटेने गाडी सरकत नाही.

परतीला वरंधा घाट टाळा, अरुंद आहे आणि दरडींमुळे पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात. दुरुस्ती पुढेही चालू राहते. दापोली, खेड, पोलादपूर, महाड, माणगाव, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हिणी चढून घरी. जाताना ताम्हिणी उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापून पकड सोडतो. घाटात बराच वेळ रेंज नसते, म्हणून पौडला आणि निजामपूरला थांबून घरी एकेक मेसेज टाका, आणि निजामपूरहून किती वाजेपर्यंत मेसेज यायला हवा ते आधीच सांगून ठेवा.